नाजूक शिकारी मासे आणि त्यांचे टाकीतले सोबती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बटरफ्लाय फिश, पानमासा, ब्लॅक घोस्ट किंवा एलिफंटनोज घरी आणला की पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: याच्यासोबत काय ठेवू? त्यामागची भीतीही ठरलेली, की हा बाकीच्यांना गिळून टाकेल. मी बरीच वर्षं असे मासे पाळते आहे. ती भीती खोटी नाही, पण ती अर्धीच गोष्ट आहे. या जातींचे जे मासे दगावलेले मी पाहिले, त्यातले बहुतेक उपासमारीने, कुरतडलेल्या परांमुळे किंवा सततच्या धसक्याने गेले, आणि दर वेळी कारण शेजारी होते. म्हणून खालची बरीचशी उत्तरं शिकाऱ्याची बाजू घेऊनच लिहिली आहेत.

नाजूक शिकारी मासा म्हणजे नेमका कोणता?

जो दुसरे जीव खाऊन जगतो, पण ज्याच्याकडे अंगावर आलेल्याला परतवून लावायची ताकद किंवा वृत्ती नाही, असा मासा. ऑस्कर शिकारी आहे, पण नाजूक नाही. तो टाकीतला दगडही हलवतो. याउलट दक्षिण अमेरिकेतला पानमासा वाळक्या पानासारखा पाण्यात तरंगत राहतो, आणि कुणी त्याला ढोसलं तर नुसता बाजूला सरकतो. आफ्रिकेतला बटरफ्लाय फिश, बिबट्यासारख्या ठिपक्यांचा टेनोपोमा, ब्लॅक घोस्ट, एलिफंटनोज, दोरीसारखा रोपफिश, लांब चोचीचा सुईमासा हे सगळे कमीअधिक याच जातकुळीतले. खाऱ्या पाण्यातला समुद्रघोडाही यातच बसतो. तो शिकारी आहे याची आठवण आपल्याला सहसा राहत नाही, एवढंच.

यातले बरेचसे दबा धरून बसणारे आहेत. असा मासा एका झेपेत भक्ष्य टिपतो आणि पुन्हा निपचित होतो. दिवसभर अन्नामागे पळायची सोय त्याच्या शरीरातच नाही. टाकीत दाणे पडल्याबरोबर तुटून पडणाऱ्या माशांपुढे त्याचा निभाव लागत नाही तो यामुळेच.

“तोंडात मावेल तेवढं खाईल” हा नियम पुरेसा आहे का?

सुरुवातीला पुरेसा आहे. पण तो लावताना लोक तोंड चुकीचं मोजतात.

मिटलेलं तोंड बघून काहीच कळत नाही. पानमाशाचा जबडा शिकार करताना नळीसारखा पुढे फेकला जातो, त्याबरोबर पाणी आत ओढलं जातं आणि भक्ष्य त्या ओढीनेच आत जातं. हा मासा जेमतेम आठ-दहा सेंटिमीटरचा, पण स्वतःच्या निम्म्या लांबीचा मासा सहज गिळतो. टेनोपोमाचंही तसंच. मिटलेलं असताना टोकदार, छोटं दिसणारं तोंड उघडलं की त्यात आपला अंगठा जाईल असं वाटतं.

दुसरी चूक सोबत्याची लांबी मोजण्याची. गिळताना अडसर होतो तो लांबीचा नव्हे, उंचीचा, म्हणजे पाठीपासून पोटापर्यंतच्या अंतराचा. पाच सेंटिमीटरचा सडपातळ डॅनियो आणि तेवढ्याच लांबीचा, थाळीसारखा उंच मासा यांत पहिला घशात जातो, दुसरा जात नाही. म्हणून सोबती निवडताना त्याला बाजूने बघा, आणि त्याची उंची शिकाऱ्याच्या पूर्ण उघडलेल्या तोंडाहून स्पष्टपणे जास्त आहे ना, एवढं ताडून पाहा. थोडी जास्त असून भागत नाही. कारण शिकारी वाढतो.

हा वाढीचा मुद्दा सगळ्यात जास्त विसरला जातो. ब्लॅक घोस्ट विकायला येतो तेव्हा बोटाएवढा असतो आणि पूर्ण वाढल्यावर जवळपास ५० सेंटिमीटरपर्यंत जातो. आज त्याच्याशेजारी निवांत फिरणारे निऑन टेट्रा दीड वर्षाने रात्रीत एकेक करून कमी व्हायला लागतात. मग लोक म्हणतात, “इतके दिवस तर काही केलं नाही याने.” केलं नाही, कारण मावत नव्हते.

आणि रात्रीचा विचार वेगळा करायचा. निऑन अंधारात अर्धवट गुंगीत एका जागी थांबलेले असतात, तर ब्लॅक घोस्टचा दिवस दिवे मालवल्यावर उजाडतो. दिवसा दोघं गुण्यागोविंदाने राहतात यावरून काहीच सिद्ध होत नाही.

बटरफ्लाय फिशसोबत कोणते मासे चालतात?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेला आहे, आणि माझा जीवही याच माशात सगळ्यात जास्त गुंतलेला आहे. म्हणून जरा सविस्तर सांगते.

पँटोडॉन, म्हणजेच बटरफ्लाय फिश, हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या संथ पाण्यातला मासा, आरोवानाच्या गणातला. लांबी दहा-बारा सेंटिमीटर. पाण्याच्या अगदी पृष्ठभागाला चिकटून राहतो, वरून पडणारे किडे टिपतो. तोंड वरच्या दिशेला वळलेलं. पृष्ठभागावरची बारीकशी लहरही त्याला जाणवते. त्याच्या पोटाखालच्या परांचे लांब, धाग्यांसारखे काटे खाली लोंबत असतात. गोम आहे ती याच धाग्यांत. खालून फिरणाऱ्या कुठल्याही चावऱ्या माशाला ते किड्यांसारखे वाटतात.

माझ्या पहिल्या बटरफ्लाय फिशसोबत मी सहा टायगर बार्ब सोडले होते. विकणाऱ्याने खात्री दिली होती की बार्ब चपळ असल्यामुळे खाल्ले जाणार नाहीत. ते खाल्ले गेले नाहीत, हे खरंच. चौथ्या दिवशी त्या माशाचे सगळे धागे मुळापासून गेले होते, आणि तो टाकीच्या कोपऱ्यात काचेला तोंड लावून उभा होता. बार्ब काढले, धागे पुढे काही महिन्यांत बरेचसे परत आले, पण त्यानंतर तो कित्येक आठवडे हातून खायला बिचकत असे. ते चार दिवस मला अजून डाचतात.

तर, चालणारे सोबती म्हणजे मधल्या आणि तळच्या थरात राहणारे, शांत, आणि तोंडात न मावणारे. क्रिबेन्सिस चांगले, ते तळाशी असतात, आणि अंडी घातल्यावर भांडले तरी त्यांचं भांडण खालीच राहतं. पूर्ण वाढलेले काँगो टेट्रा बहुतेक टाक्यांमध्ये नीट राहतात, मात्र ते खाण्यात झपाटेदार आहेत, तिकडे लक्ष हवं. लहान आकाराचे सिनोडॉन्टिस, म्हणजे आफ्रिकेतले मिशीवाले मासे, चालतात. उलटं पोहणाऱ्या सिनोडॉन्टिसबद्दल एक सूचना: तो रात्री पोट वर करून पृष्ठभागावरचंच अन्न खातो, म्हणजे बटरफ्लाय फिशच्या ताटात हात घालतो. दोघांना एकत्र ठेवलंत तर बटरफ्लाय फिशला दिवे मालवायच्या आधी पोटभर खाऊ घाला.

न चालणारे: सगळे बार्ब, सर्पे टेट्रा, ब्लॅक स्कर्ट टेट्रा, आणि पृष्ठभागावरच वावरणारे बहुतेक मासे. गप्पी आणि हॅचेटफिश तर त्याचं जेवणच. मोठे गोरामी खाल्ले जात नाहीत, पण त्याची जागा बळकावतात.

पृष्ठभागावर तरंगणाऱ्या वनस्पती आणि घट्ट बसणारं झाकण या दोन गोष्टी सोबत्यांइतक्याच महत्त्वाच्या. एखाद्या शेजाऱ्याने खालून धडक दिली की हा मासा सरळ उडी मारतो, आणि ती उडी तुमच्या अंदाजापेक्षा लांब जाते.

पानमाशासोबत काय ठेवू?

शक्यतो काहीच नाही. हा मासा बहुतांश जिवंत मासेच खातो, रोज खातो, आणि इतका सावकाश असतो की कुठलाही सोबती त्याच्या अन्नावर पहिला हात मारतो. त्याला मऊ, आम्लधर्मी पाणी आणि मंद उजेड लागतो. त्यामुळे सोबत्यांची यादी तशीही आखडते. फारच वाटलं तर ब्रिसलनोजसारखा एखादा लहान, तळाशी राहणारा, शैवाळ खाणारा मासा ठेवा. तोही रात्री पानमाशाच्या अंगाला चिकटत नाही ना, हे पाहत राहा.

सकर फिश टाकी स्वच्छ ठेवतो म्हणतात. तो तर निरुपद्रवी आहे ना?

या एका समजुतीमुळे फार मासे गेले आहेत.

साधा प्लेको, म्हणजे हाच सकर फिश, लहान असताना शैवाळ खातो. मोठा होताना, विशेषतः त्याला पुरेसं वनस्पतीजन्य खाद्य मिळालं नाही तर, रुंद आणि संथ माशांच्या अंगावरचा चिकट थर खरवडायची त्याला चटक लागते. डिस्कस पाळणाऱ्यांना हे चांगलंच ठाऊक आहे. दबा धरून निश्चल राहणारा शिकारी मासा त्याला आयताच सापडतो. सकाळी माशाच्या कुशीवर फिकट, गोल चट्टे दिसले की रात्री काय झालं ते समजून घ्या. तो चिकट थर म्हणजे माशाचं पहिलं संरक्षण. तो गेला की बुरशी आणि जिवाणूंना वाट मोकळी. शिवाय साधा प्लेको ३० सेंटिमीटरच्या पुढे जातो, त्यामुळे टाकी स्वच्छ होण्याऐवजी त्याच्याच विष्ठेने भरते.

चायनीज अल्गी ईटर या नावाने मिळणारा मासा तर याहून वाईट. लहानपणी कामसू, मोठेपणी भांडखोर, आणि अंग खरवडण्यात पटाईत. नाजूक शिकाऱ्यासोबत तो अजिबात नको.

मग कोरिडोरस? ते तर गरीब असतात.

तळाशी राहणारे हे छोटे मिशीवाले मासे गरीब असतातच. पण त्यांच्या पाठीच्या आणि छातीच्या परांत कडक काटे असतात, आणि घाबरल्यावर ते उभे करून कोरिडोरस ते जागच्या जागी कुलूपबंद करतो. शिकाऱ्याने त्याला तोंडात घेतलं की काटे टाळूत किंवा घशात रुततात. मग शिकाऱ्याला तो ना गिळता येतो ना थुंकता. बहुतेक वेळा दोघेही मरतात. लहानग्या ओटोसिंक्लसचंही असंच होतं.

कोरिडोरस “खाल्ला जाणार नाही” एवढं ठरून भागत नाही. शिकाऱ्याला तो खाऊन बघण्याचा मोहही होऊ नये इतका तो मोठा हवा. टेनोपोमासोबत पूर्ण वाढलेले, थोराड जातीचे कोरिडोरस एकवेळ ठीक. बटू जातीचे कधीही नाही.

असा अपघात झालाच तर मासा ओल्या, मऊ जाळीत धरून पाण्याखालीच ठेवा, आणि काटा दिसत असेल तर बारीक कात्रीने तो कापून शिकार सैल करा. मागे ओढू नका. काटा मागे ओढला की आणखी रुततो. जमत नसेल तर माशांची जाण असलेल्या पशुवैद्याकडे न्या.

ब्लॅक घोस्ट आणि एलिफंटनोज एकत्र ठेवता येतील का? दोघेही शांत वाटतात.

दोघेही आपल्याभोवती क्षीण विद्युतक्षेत्र तयार करतात आणि त्याच्या आधाराने अंधारात वाट काढतात, अन्न शोधतात. ब्लॅक घोस्टची विद्युतलहर अखंड चालू असते, सेकंदाला साधारण हजार वेळा. एलिफंटनोज तुटक ठोके सोडतो. आपल्याला यातलं काही दिसत नाही, ऐकू येत नाही, म्हणून टाकी शांत वाटते. त्यांच्या दृष्टीने मात्र ती गजबजलेली असू शकते. दोन ब्लॅक घोस्ट एका लहान टाकीत ठेवले की जो कमजोर असतो तो कोपरा सोडत नाही आणि त्याची निमुळती शेपटी हळूहळू कुरतडली जाते. अगदी प्रशस्त टाकी नसेल तर असं विद्युतक्षेत्र तयार करणारा एकच मासा ठेवा. ग्लास नाइफ वगैरे भाऊबंदही यातच आले.

एलिफंटनोजचा आणखी एक मुद्दा. त्याच्या शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे ६० टक्के एकटा मेंदू वापरतो. माणसात हेच प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आहे. असा मासा गर्दीच्या, कोंदट टाकीत ठेवू नये. सोंडेसारखी दिसणारी त्याची हनुवटी अतिशय संवेदनशील असते आणि तो तिने तळ चाचपतो. म्हणून तळाला बारीक, मऊ वाळू हवी, आणि त्याच तळावर हक्क सांगणारे लोच किंवा मोठे मिशीवाले मासे नकोत. पूर्ण वाढलेले काँगो टेट्रा किंवा बटरफ्लाय फिश यांच्यासारखे मधल्या आणि वरच्या थरातले मासे त्याला त्रास देत नाहीत.

एकाच जातीचे दोन ठेवले तर जोडी जमेल?

जातीवर आहे. टेनोपोमा आणि रोपफिश आपल्याच जातीच्या सहवासात उलट मोकळे होतात. लपण्याच्या जागा माशांच्या संख्येपेक्षा जास्त असल्या म्हणजे झालं. बटरफ्लाय फिश पृष्ठभाग पुरेसा असेल तर दोन-तीन एकत्र राहतात. एलिफंटनोज मात्र एकटा ठेवा, नाहीतर मोठ्या टाकीत सहा-सात ठेवा. दोन ठेवलेत तर त्यातला जबर दुसऱ्याचं जगणं अवघड करतो, कारण सगळा राग एकावरच निघतो.

आकारात फरक असेल तर भाऊबंदकी विसरा. शिकारी मासे स्वतःच्याच जातीची पिल्लं खुशाल खातात.

माझा मासा सतत लपून असतो. सोबती आणले तर धीट होईल का?

होऊ शकतो. उघड्यावर पोहणारे शांत मासे दिसले की भित्र्या माशाला वाटतं, आसपास धोका नाही. मात्र अशा धीर देणाऱ्या माशांत तीन गुण एकत्र हवेत: ते गिळता येणार नाहीत एवढे असावेत, त्यांना पर कुरतडायची खोड नसावी, आणि त्यांची हालचाल संथ असावी. शेवटचा गुण सगळ्यात दुर्मिळ. जायंट डॅनियो पहिल्या दोन कसोट्यांना बऱ्यापैकी उतरतो, पण दिवसभर सुसाट धावून भित्र्याला आणखीच भित्रा करतो. मोठे रेनबो फिश काही टाक्यांत जमतात, काहींत जमत नाहीत.

आधी मात्र दुसरी कारणं तपासा. दिवा फार प्रखर आहे का? टाकीची मागची बाजू झाकलेली आहे का? लपायला मुळं, गुहा, दाट झाडं आहेत का? लपायला जागा पुरेशी मिळाली की मासा जास्त वेळ बाहेर दिसतो. हे ऐकायला उलटं वाटेल, पण मी दर वेळी हेच पाहिलं आहे.

सोबती असताना शिकाऱ्याला पुरेसं खायला कसं मिळेल?

माझ्या मते सोबती निवडण्याची खरी परीक्षा ही आहे. पर शाबूत, मारामारी नाही, सगळं छान; आणि तरी शिकारी मासा दोन महिन्यांत खंगतो, कारण दर वेळी अन्न त्याच्यापर्यंत पोहोचायच्या आत संपतं.

मी असं करते. आधी टाकीच्या एका टोकाला बाकीच्यांचे दाणे टाकते. ते तिकडे गुंतले की दुसऱ्या टोकाला शिकाऱ्यासमोर चिमट्याने गांडुळाचा तुकडा, गोठवलेली कोळंबी किंवा ब्लडवर्म (खाद्य म्हणून मिळणाऱ्या लाल अळ्या) धरते. बटरफ्लाय फिशला पृष्ठभागावर रातकिडे किंवा छोटे नाकतोडे सोडते. बुडालेलं अन्न त्याच्या उपयोगाचं नाही. ब्लॅक घोस्टसाठी काचेची किंवा प्लॅस्टिकची आडवी नळी ठेवली आहे. दिवे मालवल्यावर त्या नळीतच लांब ड्रॉपरने ब्लडवर्म सोडते. काही आठवड्यांत तो वेळ ओळखायला लागला आणि आता हाताला तोंड लावून खातो.

खाणं मिळतंय की नाही हे पोटावरून ओळखायचं. वरून पाहिलं तर डोक्यामागचा भाग डोक्याइतकाच भरलेला दिसायला हवा. तिथे खळगा दिसला, पोटाची रेघ आत गेली, की सोबत्यांपैकी कुणाला तरी दुसऱ्या टाकीत हलवायची वेळ आली आहे.

मांसाहारी खाण्याने पाणी लवकर खराब होतं. उरलेला तुकडा तासाभरात काढा, आणि अमोनिया व नायट्राइट शून्यावर आहेत ना, ते चाचणी संचाने पाहत जा.

खायला सोडलेले जिवंत मासे टाकीतच राहू दिले तर चालेल?

नको. विकत आणलेले खाद्य-मासे बहुधा दाटीवाटीत वाढलेले असतात आणि परजीवी घेऊन येतात. त्यांना आधी तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून, चांगलं खाऊ घालून मगच द्या. गोल्डफिश नेहमीचं खाद्य म्हणून देऊ नका. त्यांच्या शरीरातलं थायमिनेज हे विकर जीवनसत्त्व ब-१ नष्ट करतं, आणि सतत तेच खाणारा शिकारी हळूहळू दुबळा होतो, तोल जाऊन पोहायला लागतो. गप्पी, मॉली यांच्यात ही अडचण नाही. घरीच पैदास केलेले गप्पी सगळ्यात उत्तम.

आणि न खाल्ला गेलेला खाद्य-मासा भुकेलेला राहिला की शिकाऱ्याचेच पर कुरतडतो. हे पानमाशाच्या टाकीत मी स्वतः पाहिलं आहे.

झिंगे आणि गोगलगायी?

लहान झिंगे खाल्ले जातील, हे धरूनच चाला. मोठी, लांब नांग्यांची कोळंबी उलट धोक्याची, कारण रात्री तळाशी टेकलेल्या माशाला ती पकडू शकते. क्रेफिश आणि खेकडे मुळीच नकोत. गोगलगायी चालतात.

आकाराने लहान म्हणजे सुरक्षित, असं धरता येतं?

नाही. बटू पफर जेमतेम अडीच-तीन सेंटिमीटरचा असतो, पण त्याचे दात चोचीसारखे असतात आणि लांब, लोंबते पर दिसले की त्याला राहवत नाही. सोबती ठरवताना तोंडाचा आकार शिकाऱ्याचा बघायचा आणि दातांची सवय सोबत्याची.

सुईमाशासोबत काय?

सुईमासा दचकला की बाणासारखा सुटतो, काचेवर आपटतो आणि त्याची लांब चोच मोडते. मोडलेल्या चोचीने शिकार करता येत नाही. त्यामुळे प्रश्न कोण कुणाला खाईल हा नाहीच; कोण त्याला दचकवेल, हा आहे. लांब-रुंद टाकी, कडेने झाडं, आणि तळाशी राहणारे दोन-चार संथ मासे, याहून जास्त काही नको.

समुद्रघोड्यांसोबत रंगीत समुद्री मासे ठेवायचे आहेत.

फार हात आखडता घ्या. समुद्रघोड्याला दात नाहीत आणि जठरही नाही. अन्न झपाट्याने पुढे सरकतं, म्हणून त्याला दिवसातून दोन-तीनदा खावं लागतं, आणि तो प्रत्येक घास आधी नीट निरखतो. टँग, डॅमसेल, रॅस यांच्या घाईत त्याच्या वाट्याला काही उरत नाही. ट्रिगरफिश तर त्याला इजाच करतो. समुद्रफुलं आणि दंश करणारी प्रवाळंही नकोत, कारण समुद्रघोडा शेपटीने कशालाही विळखा घालून बसतो. शांत लहान गोबी, मँडरिन मासा, गोगलगायी एवढेच सोबती त्याला मानवतात. मँडरिन स्वतःच नाजूक शिकारी आहे, तो जुन्या, स्थिरावलेल्या आणि सूक्ष्म जीवांनी भरलेल्या टाकीतच जगतो. उष्ण समुद्रातल्या घोड्यांनाही २२ ते २४ अंश सेल्सियसचं पाणी बरं पडतं, कारण त्याहून गरम पाण्यात जिवाणूसंसर्ग बळावतात. त्यामुळे २६-२७ अंशांवर राहणारे मासे आपोआप बाद होतात.

समुद्रघोड्यांच्या सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार २००४ पासून साइट्स या, धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखाली आहे. बंदिस्त पैदाशीतलाच घोडा घ्या. तो गोठवलेली मायसिस कोळंबी खायला शिकलेला असतो, आणि सोबत्यांचा अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

नवा सोबती टाकीत कसा सोडायचा?

आधी चार आठवडे वेगळ्या टाकीत. ही पायरी कुणालाच आवडत नाही, पण या माशांच्या बाबतीत तिला पर्याय नाही. ब्लॅक घोस्ट आणि एलिफंटनोज यांचे खवले अगदी बारीक असतात आणि त्यांना तांब्याची औषधं, मॅलकाइट ग्रीन, फॉर्मालिन सोसत नाही. सोबत्याने पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आणला तर सोबती औषधाने बरा होईल, पण त्याच औषधाने शिकारी जाईल.

सोडण्याच्या दिवशी शिकाऱ्याला आधी पोटभर खाऊ घाला. लाकूडफाटा, दगड थोडे हलवा, म्हणजे हद्दी नव्याने आखल्या जातात. दिवे मंद करा. आणि जमत असेल तर सोबती आधी, शिकारी शेवटी, असा क्रम ठेवा. उशिरा आलेला शिकारी आधीच्या रहिवाशांना सहसा शिकार म्हणून पाहत नाही, असं काही जण म्हणतात. मी त्यावर विसंबत नाही. भित्र्या शिकाऱ्याला दर आठवड्याला नवा चेहरा दिसू नये, एवढाच माझा हेतू.

दुसरी टाकी रिकामी, पण चालू फिल्टरसह तयार नसेल, तर सोबती आणूच नका. जमलं नाही तर कुणाला तरी त्याच रात्री हलवावं लागतं.

काही बिनसलंय हे कसं ओळखू?

पहिली खूण बहुतेकदा खाण्यात दिसते: नेहमी झेप घेणारा मासा अन्न समोर असून नुसता पाहत राहतो. मग जागा बदलते. पृष्ठभागावर राहणारा खाली जातो, तळाचा वर येतो, किंवा मासा फिल्टर नाहीतर हिटरच्या मागे सारखा अडकून बसतो. परांच्या कडा पांढुरक्या, दातेरी दिसतात. श्वास भरभर चालतो, कल्ले सतत हलत राहतात. टेनोपोमाचा रंग दिवसचे दिवस गडद राहतो.

दिवसा काही सापडलं नाही तर दिवे मालवून तासाभराने लाल उजेडाच्या विजेरीने पाहा. टाकीतले बरेच गुन्हे रात्रीच होतात, आणि लाल उजेडाने मासे तितके बिचकत नाहीत.

एकटाच ठेवला तर त्याला कंटाळा येईल का?

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात माया असते, आणि म्हणून तो मला आवडतो. पण कळपाने राहणाऱ्या माशाला एकटेपणा जसा जाचतो, तसा दबा धरणाऱ्या शिकाऱ्याला जाचत नाही. पानमासा निसर्गातही पाण्यात बुडालेल्या पाचोळ्यात एकटाच तासन्‌तास तरंगत असतो. त्याची सगळी कला कुणाच्या लक्षात न येण्यातच आहे.

माझ्याकडचा पानमासा गेली काही वर्षं एकटाच आहे. टाकीत बदामाची वाळलेली पानं, एक वेडंवाकडं मूळ आणि ॲमेझॉन स्वोर्डची दोन झाडं. तो डोकं खाली करून त्या झाडाच्या पानाशेजारी तिरका उभा असतो. मागचे पारदर्शक पर तेवढे थरथरत असतात, आणि मी जवळ गेले की एक डोळा हळूच माझ्याकडे वळतो. पाहुणे येतात, टाकी रिकामी आहे असं म्हणतात, आणि मी बोट दाखवल्यावरही त्यांना तो दिसायला मिनिटभर लागतो.